नाशिकला नवे असाल तर: सुट्टीच्या भटकंतीची सुरुवात कशी करावी

नोकरीनिमित्त अकोल्याहून नाशिकला आलो तेव्हा ज्याने अकोल्याचा मे महिना काढला आहे त्याला नाशिकचे ऊन काय करणार, अशी माझी समजूत होती. पहिल्याच एप्रिलमधल्या एका रविवारी सावकाश न्याहारी करून, साडेदहाच्या सुमारास, आम्ही दोघे नवराबायको रामशेज चढू लागलो. दोघांत मिळून पाण्याची एक लिटरची एकच बाटली होती. वर पोहोचेपर्यंत ती संपली, आणि उतरताना पत्नीला घेरी आली. पायथ्याच्या आशेवाडीत एका मावशींनी तिला ओसरीवर बसवले, माठातल्या पाण्यात साखर-मीठ घालून घोटघोट पाजले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या टायमाला आमची गुरं बी गडावर ऱ्हात नाहीत."

त्या दिवशी ठिकाण चुकले नव्हते. रामशेज हा नवख्यांसाठी उत्तमच गड आहे. चुकला होता महिना, आणि त्याहून अधिक चुकली होती वेळ. त्यानंतरच्या वर्षांत नाशिकच्या चारही दिशांना पुष्कळ फिरलो, आणि कार्यालयात नव्याने आलेली मंडळी तीच चूक करताना पाहिली. "या रविवारी कुठे जायचे?" हा प्रश्न ते सर्वांत आधी विचारतात. तो सर्वांत शेवटी विचारावा, म्हणून हा लेख मी त्याच क्रमाने लिहिला आहे.

## १. आधी महिना पाहा, मग दिशा ठरवा

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या अंगाला वसले आहे. शहराच्या पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा हे धो धो पावसाचे तालुके आहेत, तर पूर्वेला सिन्नर, येवला, चांदवड, नांदगाव हा पर्जन्यछायेचा कोरडा पट्टा आहे. जुलैच्या एकाच रविवारी त्र्यंबकजवळच्या पहिनेच्या रस्त्यावर पुढची गाडी दिसत नाही इतका पाऊस असतो आणि त्याच वेळी सिन्नरकडचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. हा फरक नवख्या माणसाच्या लक्षात यायला दोन-तीन पावसाळे जावे लागतात.

माझा हिशेब पुढीलप्रमाणे आहे.

जूनच्या मध्यापासून ऑगस्ट अखेरपर्यंत पश्चिमेला फक्त दुरून पाहण्यासाठी जावे, चढण्यासाठी पूर्वेला जावे. मनमाडजवळचे अंकाई-टंकाई हे जोडकिल्ले आणि सिन्नरचा परिसर या दिवसांत हिरवा होतो, वाटा तुलनेने कोरड्या राहतात आणि गर्दीही कमी असते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पश्चिमेचे सडे, म्हणजे उघडी कातळपठारे, रानफुलांनी भरतात, आणि वर्षातले हे तीन आठवडे मी दुसऱ्या कोणत्याही कामाला देत नाही. ऑक्टोबरच्या उरलेल्या दिवसांत मात्र दुपारचे ऊन फसवते, कारण पहाटेच्या गारव्यामुळे पाणी कमी घेतले जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत निर्धास्त. मार्चपासून गवत वाळते, वणवे लागतात, गडांवरची पाण्याची टाकी आटू लागतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत तर सकाळी नऊनंतर उघड्या कातळावर थांबण्यासारखी स्थिती नसते.

## २. घड्याळ उलटे मोजा

बहुतेक जण "किती वाजता निघायचे?" असे विचारतात. त्याऐवजी "किती वाजता पायथ्याशी परत यायचे?" हे आधी ठरवावे आणि तेथून मागे मोजत यावे.

त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरी डोंगराचे उदाहरण घेऊ. मार्चमध्ये मला अकरा वाजता पायथ्याशी हवे असते. चढायला अडीच तास, वर अर्धा तास, उतरायला दोन तास, म्हणजे एकूण पाच तास झाले. याचा अर्थ सहा वाजता पहिले पाऊल टाकायचे आणि पाचच्या आसपास घर सोडायचे. जानेवारीत मात्र उजाडायलाच सात वाजतात, म्हणून साडेसहाच्या आधी निघण्यात अर्थ नाही, आणि ऊन सौम्य असल्याने परतायला एक वाजला तरी चालतो. हिवाळ्यातली खरी सीमा संध्याकाळची आहे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराच्या आडोशाला त्याआधीच अंधार पडतो. दुपारी दोननंतर कोणताही गड चढायला घेऊ नये.

या हिशेबात स्वतःच्या नव्हे, सोबतच्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाचा वेग धरावा. मुले किंवा आई-वडील बरोबर असतील तर वरचा प्रत्येक आकडा दीडपट करावा.

## ३. सामान आणि कागदपत्रे

पाणी हा सर्वांत महत्त्वाचा विषय असल्याने त्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो. हिवाळ्यात माणशी दोन लिटर, फेब्रुवारी उलटल्यावर माणशी तीन लिटर पाणी प्रत्येकाच्या स्वतःच्या पाठपिशवीत असावे. एकाच्या पिशवीत सगळ्यांचे पाणी ठेवले की तो माणूस एक तर पुढे निघून जातो किंवा मागे राहतो. निम्मे पाणी संपले की चढाई जिथे असेल तिथे थांबवून परत फिरावे. गडावरच्या टाक्यांतले पाणी पिण्यायोग्य असेलच असे गृहीत धरू नये. त्याशिवाय जलसंजीवनीची दोन पाकिटे, गूळ-शेंगदाणे किंवा खजूर, आणि एक-दोन संत्री किंवा काकड्या घ्याव्यात.

बाकीचे सामान असे:

- तळव्याला खोल नक्षी असलेले, आधी किमान आठवडाभर वापरलेले बूट. कोरे बूट घालून केलेली पहिली चढाई टाचेला फोड आणते.
- पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, टोपी, आणि डोके-मान झाकेल असे उपरणे किंवा ओढणी.
- पावसाळ्यात रेनकोट. गडावरच्या वाऱ्यात छत्री टिकत नाही आणि एक हात अडकून राहतो.
- वेगळी विजेरी. भ्रमणध्वनीचा दिवा लावून उतरले की नेमक्या गरजेच्या वेळी त्याची बॅटरी संपते.
- चिकटपट्टी, जंतुनाशक मलम, क्रेप बँडेज आणि स्वतःची नेहमीची औषधे.
- कचरा परत आणण्यासाठी एक रिकामी पिशवी.

कागदपत्रांत आधार कार्ड किंवा तत्सम ओळखपत्र, वाहन परवाना, गाडीचे नोंदणीपत्र, विमा आणि पीयूसी बरोबर ठेवावे. ही वाहनाची कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये असली तरी चालतात, परंतु डोंगरात रेंज मिळत नसल्याने ती घरीच उघडून पाहून घ्यावीत. वनविभागाच्या नाक्यावर किंवा गावातल्या वाहनतळावर द्यायला शंभर-दीडशे रुपये सुटे असावेत. नकाशाही घरून उतरवून घ्यावा.

आणखी एक गोष्ट मी कधीही चुकवत नाही. कुठे जाणार, पायथ्याचे गाव कोणते, सोबत कोण आणि किती वाजेपर्यंत फोन न आल्यास शोध सुरू करायचा, एवढे चार ओळींत लिहून घरी ठेवतो.

अत्तर किंवा उग्र वासाचे फवारे मात्र घरी ठेवून यावे. आपल्याकडच्या अनेक कड्यांना आग्या मोहोळे लटकलेली असतात. त्या ठिकाणी आरडाओरडा, धूर, दगडफेक आणि तीव्र वास हे चारही धोक्याचे आहेत.

## ४. जायचे कसे

स्वतःचे वाहन नसेल तरी अडत नाही. त्र्यंबकेश्वरला एसटीच्या गाड्या दिवसभर सुटतात आणि महापालिकेची सिटीलिंक बसही तिथपर्यंत जाते. अंजनेरीसाठी याच रस्त्यावर अंजनेरी फाट्याला उतरता येते. एसटीत महिलांना निम्मे तिकीट लागते आणि ७५ वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. त्यासाठी वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवावे. अंकाईला रेल्वेनेही जाता येते, कारण मनमाड-दौंड मार्गावर किल्ल्याच्या पायथ्याशीच स्थानक आहे. तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत, म्हणून जाण्याची आणि येण्याची गाडी आधी नीट जुळवून घ्यावी.

इथे नेहमी होणारी चूक परतीची आहे. जाताना गाडी सहज मिळते म्हणून परतीची चौकशी कोणी करत नाही. उतरतानाच वाहकाला शेवटच्या गाडीची वेळ विचारावी आणि तीच गोष्ट गावातल्या दुकानदाराकडून पुन्हा पडताळून पाहावी. शेअर जीप भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे तिच्यावर वेळेचे गणित बसवू नये.

स्वतःची गाडी असल्यास ती कोणाच्या खळ्यात किंवा शेताच्या वाटेत लावू नये. गावात जागेचे वीस-तीस रुपये मागितले तर आनंदाने द्यावेत. गाडीवर लक्षही राहते आणि आपण अडचणीत सापडलो तर मदतीला धावणारी माणसे तीच असतात.

## ५. पहिला रविवार: पांडवलेणी

स्वतःचा दम किती आहे हे पाहण्यासाठी पांडवलेणीइतके सोयीचे ठिकाण शहरात दुसरे नाही. मुंबई-आग्रा महामार्गाला लागून असलेल्या त्रिरश्मी डोंगरावर २४ लेणी आहेत आणि पायऱ्यांनी वीस-पंचवीस मिनिटांत वर पोहोचता येते. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची आई गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध शिलालेख याच लेण्यांत आहे. क्षहरात घराण्यातला क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने दिलेल्या दानांचे लेखही इथेच कोरलेले आहेत. लेणी पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात असून नाममात्र प्रवेशशुल्क आहे. पायऱ्या न थांबता चढता आल्या, तर पुढच्या आठवड्यात रामशेज करण्यास हरकत नाही.

## ६. दुसरा रविवार: रामशेज

पेठ रस्त्यावर शहरापासून साधारण १५ किलोमीटरवर आशेवाडी गाव आहे. तेथून पाऊण ते एक तासात गडावर जाता येते. वाट मळलेली आहे, पायऱ्या आहेत, आणि निम्म्यावर गुहेतले राममंदिर व त्याला लागून पाण्याचे टाके लागते. औरंगजेबाच्या फौजेने १६८२ मध्ये या गडाला वेढा घातला आणि हा लहानसा गड मराठ्यांनी पाच-साडेपाच वर्षे लढवला. माथ्यावर उभे राहून चहूबाजूंचा सपाट मुलूख पाहिला की त्या शिबंदीने काय सोसले असेल याची थोडी कल्पना येते.

हा डोंगर जवळजवळ उघडा आहे. माथ्यावर सावलीला झाड शोधावे लागते. म्हणून ऊन असलेल्या दिवसांत नऊ वाजता खाली उतरलेले असावे. हे मी पुन्हा सांगतो आहे, कारण रविवारी दहा वाजता लहान मुलांना घेऊन चढणारी कुटुंबे मला आजही दिसतात.

## ७. अंजनेरी: घाई करू नये असा डोंगर

त्र्यंबक रस्त्यावर नाशिकपासून सुमारे २० किलोमीटरवर अंजनेरी आहे. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून भाविक इथे येतात, आणि वनस्पतींच्या अभ्यासकांसाठीही हा डोंगर तितकाच पवित्र आहे. इथल्या कंदीलपुष्पाच्या एका जातीला या डोंगराचेच नाव मिळाले आहे: सेरोपेजिया अंजनेरिका. जगात अगदी थोड्या ठिकाणी आढळणारी ही वनस्पती पावसाळ्यात फुलते. हा भाग संवर्धन राखीव क्षेत्र आहे.

पायऱ्यांची वाट एका घळीतून वर जाते. वाटेत जैन लेणे लागते. घळ संपली की अचानक मोठे पठार उघडते, तिथे अंजनीमातेचे मंदिर आणि पुढे तळे आहे. तिथून आणखी एक टप्पा चढला की सर्वांत वरचे पठार आणि हनुमानाचे मंदिर येते. पुष्कळ लोक तळ्यापाशी छायाचित्रे काढून परततात. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर तेही पुरेसे आहे.

सप्टेंबरच्या अखेरीस जाल तेव्हा पहिल्या पठारावर पोहोचल्यावर दहा मिनिटे गुडघे टेकून बसा. उभ्याने जे नुसते हिरवे दिसते, त्यात बसल्यावर तीळभर निळी-जांभळी फुले दिसू लागतात. कातळाच्या खळग्यात बोटाच्या पेराएवढे पाणी साचलेले असते आणि त्या पाण्याच्या कडेने फुलांची एक ओळ उगवलेली असते. एकदा हे पाहिले की पठारावर बूट कुठे टाकायचा याचा माणूस आपोआप विचार करू लागतो. मळलेली वाट सोडून फुलांत बसून छायाचित्रे काढणे हा इथला सर्वांत मोठा अपराध आहे. चिरडलेले झाड बी धरत नाही आणि पुढच्या वर्षी ती जागा मोकळी दिसते.

माकडांपासून सावध राहा. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की ती खाऊची आहे असेच ती समजतात. खाणे पिशवीच्या आत, चेन लावून ठेवावे आणि माकडांना काहीही खायला घालू नये. दिलेल्या एका बिस्किटाची किंमत मागून येणाऱ्या मुलाला मोजावी लागते.

पाऊस जास्त झाला आणि चढता आले नाही, तर अंजनेरीजवळच नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचे नाण्यांचे संग्रहालय आहे. ते उघडे असल्याची खात्री करून जावे.

## ८. हरिहर: पहिल्या महिन्यात नको

समाजमाध्यमांवरची चित्रफीत पाहून नाशिकला आलेला प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात हरिहरची चौकशी करतो. माझे स्पष्ट मत आहे की किमान तीन गड झाल्याशिवाय तिथे जाऊ नये.

हर्षेवाडी किंवा निरगुडपाडा या पायथ्याच्या गावांतून कातळाच्या तळापर्यंतची वाट सोपी आहे. त्यानंतर मात्र जवळजवळ उभ्या कड्यात कोरलेल्या शंभराच्या वर पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीच्या दोन्ही बाजूंना हाताचा पंजा आत जाईल अशा खोबणी खोदलेल्या आहेत आणि शेकडो वर्षांच्या स्पर्शाने त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. खोबणीत बोटे घालून ओढून घेत वर जायचे असते. चढताना भीती वाटत नाही, कारण नजर कातळावर असते. उतरताना मात्र पायाखालची सगळी दरी दिसते आणि माणूस मध्येच थिजतो. म्हणून शिडी उतरतो तसे कातळाकडे तोंड करून उतरावे.

पायऱ्यांवर एका वेळी एकच रांग मावते. रविवारी वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर आले की अर्धा-अर्धा तास कातळाला धरून उभे राहावे लागते. सुट्टी काढून मधल्या वारी जावे, किंवा रविवारी उजाडताच पायऱ्या गाठाव्यात. पावसात शेवाळ धरल्यावर तिथे जाऊ नये. वनविभागाने प्रवेशावर निर्बंध घातले असतील तर आडवाटेने जाण्याचा प्रयत्न करू नये. गावातून वाटाड्या घेतल्यास उत्तम.

## ९. पावसाळ्याचे नियम

पावसाळी पर्यटनाविषयी मी कठोर आहे, कारण नाशिकच्या पश्चिमेचे पाणी फार झपाट्याने वाढते. दुगारवाडीच्या धबधब्याकडे जाताना ओढा ओलांडावा लागतो. आपण असतो तिथे ऊन पडलेले असते आणि वरच्या डोंगरावर पाऊस कोसळत असतो, आणि परतीच्या वेळी तोच ओढा छातीभर झालेला असतो. तिथे माणसे अडकली आहेत आणि जीवही गेले आहेत. पाणी गढूळ होऊ लागले, त्यात पालापाचोळा वाहत येऊ लागला किंवा आवाज वाढला, की त्या क्षणी उंचावर निघून जावे. गुडघ्यावर आलेले वाहते पाणी ओलांडू नये. पाण्यामुळे अडकलात तर ते ओसरेपर्यंत थांबावे.

नाशिककरांची एक जुनी खूण नव्यांनी शिकून घ्यावी. गोदावरीला किती पूर आला हे इथे रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून सांगतात: मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. "पाणी कमरेला लागले" असे कानावर आले की त्या दिवशी त्र्यंबक, पहिने, इगतपुरी या दिशा सोडून द्याव्यात आणि गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असताना सोमेश्वरच्या धबधब्यावर खडकांवर उतरू नये. मुसळधार पावसात जिल्हा प्रशासन धबधब्यांवर आणि गडांवर बंदीचे आदेश काढते. ते वर्तमानपत्रात शनिवारी सकाळी पाहून घ्यावेत.

श्रावणी सोमवारी, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेसाठी त्र्यंबकला लाखो लोक येतात आणि खासगी वाहने बाहेरच अडवली जातात. प्रदक्षिणा करायची नसेल तर त्या रविवार-सोमवारी तो रस्ता टाळावा.

## १०. उन्हाळ्यात काय करावे

एप्रिल-मे महिन्यांत गड सोडून द्यावेत, भटकंती मात्र सोडू नये. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर नाशिकपासून ३० किलोमीटरवर आहे. यादवकाळातले हे पंचायतन (मधले मुख्य देऊळ आणि भोवती चार लहान देवळे असलेले) मंदिर पहाटे किंवा सूर्यास्ताच्या आधी तासभर पाहावे, कारण दुपारी फरसबंदी अनवाणी पायांना सोसवत नाही. मंदिरात जायचे असल्याने पायमोजे जवळ असू द्यावेत.

ज्येष्ठांना सप्तशृंगगडावर न्यायचे असल्यास नांदुरीवरून घाटाने वर गावापर्यंत आणि तिथून फनिक्युलर ट्रॉलीने मंदिरापर्यंत जाता येते. चैत्रातल्या यात्रेत आणि नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवून एसटीने वर नेतात, हे लक्षात ठेवावे.

मेच्या अखेरीस, पहिल्या वळवाच्या सरींनंतर, भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे चमकतात. हा भाग अहिल्यानगर जिल्ह्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. काजव्यांचा प्रकाश हा त्यांच्या मीलनाचा संकेत असतो. गाडीचे दिवे आणि विजेऱ्यांचे झोत पडले की तो संकेत बुडतो. गाडी लांब लावून, दिवे बंद करून, अंधारात पंधरा मिनिटे डोळे सरावू द्यावेत. रात्रीच्या प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क वनविभाग ठरवतो. शनिवारच्या रात्री घाटरस्त्यात तासनतास कोंडी होते, म्हणून मधला वार निवडावा.

## ११. हिवाळ्याची पहाट: नांदूर मध्यमेश्वर

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात इथे दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांपैकी पुष्कळ पाहायला मिळतात. खाणगाव थडीजवळ प्रवेशनाका आणि पुढे निरीक्षण मनोरे आहेत.

इथे एकच नियम आहे: सूर्य उगवताना मनोऱ्यावर असावे. म्हणजे नाशिकहून साडेपाचला निघावे. निफाडचा पारा हिवाळ्यात एक आकडी होतो, त्यामुळे स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे लागतातच. अंधारात जाताना दोन्ही बाजूंना ऊस असतो आणि या भागात बिबट्यांचा वावर आहे. उसाच्या कडेला गाडी थांबवून उतरू नये.

स्थानिक वाटाड्या अवश्य घ्यावा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला पाण्यावर केवळ काळे ठिपके दिसत होते. आमच्या तरुण वाटाड्याने तिपाईवर दुर्बीण लावली, काचेवरचे दव गमछ्याच्या टोकाने टिपले आणि "आता बघा" म्हणून बाजूला झाला. त्या गोल चौकटीत एक थापट्या आपल्या फावड्यासारख्या चोचीने पाणी गाळत होता, आणि त्याच्या पाठीवरून थेंब ओघळताना दिसत होते. पुढच्या तासाभरात त्याने चक्रवाक, शराटी, चमचे, जांभळी पाणकोंबडी आणि बांबूवर बसलेला दलदली ससाणा दाखवला. ससाणा उठला की हजारभर बदके एकदम पाण्यावरून कशी उठतात, हे त्याने आधी सांगितले आणि मग तसेच घडले.

भडक रंगाचे कपडे घालू नयेत, मोठ्याने बोलू नये, पक्षी उडावेत म्हणून टाळ्या वाजवू नयेत. लहान मुलांना अवश्य न्यावे. मात्र त्यांना आदल्या रात्री लवकर झोपवावे.

## १२. दमसास वाढल्यावर

कळसूबाई, १६४६ मीटर, हे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर. घोटीमार्गे बारी गावात पोहोचता येते, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत, आणि जाऊन-येऊन सहा ते सात तास धरावेत. पावसाळी शनिवारच्या रात्रीची झुंबड टाळावी.

साल्हेर, १५६७ मीटर, हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला बागलाण तालुक्यात आहे. १६७२ मध्ये मराठ्यांनी इथे मोगलांना खुल्या मैदानात हरवले, आणि २०२५ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या मराठा लष्करी स्थळांत त्याचा समावेश झाला. नाशिकहून अंतर शंभर किलोमीटरच्या वर असल्याने एका दिवसात ओढाताण करू नये. आदल्या संध्याकाळी वाघांबे गावात मुक्कामाची सोय ठरवून जावे. गडावरच्या गुहेत परवानगीशिवाय रात्री राहू नये.

## १३. अडचण आली तर

पोलीस व तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक लक्षात ठेवावेत. रेंज नसेल तर एकाने जखमी माणसाजवळ थांबावे आणि दोघांनी मिळून गाव गाठावे. एकट्याला पाठवू नये. पायथ्याच्या गावातल्या पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना गाठले की पुढची चक्रे फिरतात.

उन्हाने घेरी आली तर सावलीत आडवे करून पाय उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत, मान व काखा ओल्या फडक्याने पुसाव्यात आणि शुद्धीवर असेल तरच घोटघोट पाणी द्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा अंग तापले असूनही घाम थांबला, तर तो उष्माघात समजून तातडीने रुग्णालय गाठावे. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट बांधू नये. तो अवयव हलू न देता जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे. मोहोळ उठले तर एका जागी हात झाडत उभे न राहता, चेहरा झाकून शक्य तितक्या लवकर त्या कड्यापासून दूर जावे.

आशेवाडीच्या त्या मावशींकडे आम्ही दर पावसाळ्यानंतर एकदा जातो. गेल्या ऑक्टोबरात सकाळी सव्वाआठला रामशेज उतरून त्यांच्या ओसरीवर टेकलो. त्यांनी आमच्या पिशवीतली पाण्याची बाटली हातात घेऊन हलवून पाहिली. ती अजून अर्धी भरलेली होती. मग त्या चहा टाकायला आत गेल्या.